पायवाट राखायची कशी?

पावसाळा संपता संपता गावाजवळच्या एखाद्या टेकडीवर जा आणि वर जाणाऱ्या पायवाटेकडे जरा नीट पाहा. उन्हाळ्यात सपाट असलेली वाट आता मधोमध खोल गेलेली दिसेल. तिच्यातली माती नाहीशी होऊन दगडगोटे उघडे पडलेले असतील, कडेच्या झाडांची मुळे हवेत लोंबत असतील आणि त्या खाचेला कंटाळून लोकांनी शेजारून दुसरी वाट पाडलेली असेल. पुढे या दुसऱ्या वाटेचीही तीच गत होते, मग तिसरी पडते. काही वर्षांनी टेकडीच्या अंगावर एका वाटेऐवजी चार-पाच घळी दिसू लागतात आणि तिच्यावरची माती खालच्या ओढ्यात गाळ होऊन बसते.

हे कुणी केले? चालणाऱ्यांनी, असे आपण चटकन म्हणून टाकतो. ते अर्धेच खरे आहे. पायांनी सुरुवात केली, पण माती वाहून नेली ती पाण्याने. म्हणून ज्याला पायवाट राखायची आहे त्याने आधी पाणी कसे वागते हे समजून घ्यायला हवे.

पायाखालची माती

रानातली न तुडवलेली माती स्पंजासारखी असते. चांगल्या मातीच्या एकूण आकारमानापैकी जवळजवळ निम्मा भाग नुसत्या पोकळ्यांचा असतो. गांडुळांची बिळे, कुजलेल्या मुळांच्या जागा, कणाकणांमधल्या फटी, या सगळ्यांतून पावसाचे पाणी खाली झिरपते. वर पालापाचोळ्याची गादी असते. तिच्यावर पडून पावसाच्या थेंबाचा जोर मोडतो.

आता या मातीवरून साठ किलोग्रॅम वजनाचा माणूस चालला असे समजा. चालताना टाच टेकते त्या क्षणी साऱ्या शरीराचा भार अगदी थोड्या जागेवर येतो. ती जागा ४० चौरस सेंटीमीटर धरली, तर दर चौरस सेंटीमीटरला दीड किलोग्रॅम भार पडला. एका पावलाने फारसे बिघडत नाही. पण दिवसाला शंभर माणसे त्याच जागेवरून गेली की पाचोळ्याचा भुगा होतो, पोकळ्या दबतात आणि माती सारवलेल्या अंगणासारखी घट्ट होते. तिच्यात पाणी मुरेनासे झाले की ते वरूनच वाहू लागते. आणि वाहण्यासाठी त्याला उतारावर सरळ खाली जाणारी एक तयार पन्हळ मिळालेली असते. ती पन्हळ म्हणजे आपली वाट.

पुढचा भाग गणिताचा आहे, पण सोपा आहे. वाहत्या पाण्याने तळाच्या दगडावर लावलेला जोर दोन गोष्टींवर अवलंबून असतो : दगडाच्या पाण्यासमोर येणाऱ्या पृष्ठभागावर आणि पाण्याच्या वेगाच्या वर्गावर. दगडाला जागेवर धरून ठेवते ते त्याचे वजन, आणि वजन आकारमानावर, म्हणजे लांबीच्या घनावर अवलंबून असते. हे दोन जोर समान मांडून पाहिले तर असे निघते की, पाणी जो मोठ्यात मोठा दगड हलवू शकते त्याचा व्यास वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि म्हणून त्याचे वजन वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर दोनाचा सहावा घात, म्हणजे चौसष्ट पट वजनाचा दगड हलतो! निसर्गातले ओढे आणि ओघळ या सूत्राला तंतोतंत बांधलेले नसतात, हे खरे. पण जोराचा पाऊस एका रात्रीत पायवाटेचा नाला कसा करतो याचा उलगडा त्यातून होतो. आणि उपायही कळतो : पाण्याला वेग घेऊ द्यायचा नाही.

वाट आखण्याची रीत

टेकडी चढायचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे नाकासमोर सरळ वर. पाण्यालाही उतरायला तोच मार्ग आवडतो आणि म्हणून तो वाटेसाठी सर्वांत वाईट. जाणकार लोक वाट डोंगराच्या कुशीवरून आडवी, हळूहळू चढत नेतात. त्यांचा एक ठोकताळा आहे : डोंगराचा उतार जेवढा असेल त्याच्या निम्म्याहून वाटेचा उतार अधिक नसावा. डोंगर आडव्या शंभर मीटरला वीस मीटर उतरत असेल, म्हणजे उतार शेकडा २० असेल, तर वाट शेकडा १० च्या आत ठेवायची. असे केले की वरून आलेले पाणी वाट ओलांडून पलीकडे उतरून जाते. वाटेचा उतार याहून जास्त झाला की पाण्याला वाट ओलांडण्यापेक्षा तिच्यावरूनच धावणे सोयीचे वाटते. डोंगर खूपच उभा असेल तर निम्मा उतारही जास्त होतो, म्हणून एकंदर सरासरी शेकडा १० च्या आसपासच धरायची.

शिवाय वाटेचा दरीकडचा काठ किंचित खाली ठेवतात, म्हणजे पाणी वाटेवर न थांबता बाहेर पडते. चढत्या वाटेला मधूनमधून चार पावलांचा लहानसा उतार देतात. खाली येणारे पाणी त्या खोलगट जागी पोचले की पुढे जाऊ शकत नाही, बाजूने निघून जाते. चालणाऱ्याला हा उतार जाणवतही नाही.

जुन्या, सरळ चढणाऱ्या वाटा मात्र अशा सहज सुधारत नाहीत. तिथे लाकडाचा ओंडका किंवा दगडांची रांग वाटेत आडवी रोवून पाणी बाजूला काढावे लागते. हा आडबांध वाटेला काटकोनात रोवून चालत नाही, तिरपा रोवावा लागतो. काटकोनात रोवला तर पाणी त्याच्यामागे तुंबते, गाळ साचतो आणि पुढच्या सरीला पाणी त्याच्यावरून उडी मारून पुन्हा वाटेला लागते. तिरप्या बांधामागेही गाळ साचतोच, पण हळू. तो दरवर्षी पावसाआधी फावड्याने काढला नाही तर दोन-तीन वर्षांत बांध असून नसल्यासारखा होतो. पायवाट एकदा बांधली आणि काम संपले, असे कधीच नसते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटेल. गवतावरून माणसे चालली तर गवताचे बहुतेक नुकसान पहिल्या थोड्या फेऱ्यांतच होऊन जाते. पुढच्या फेऱ्यांनी त्यात फार भर पडत नाही. तेव्हा हजार माणसांनी एकाच वाटेने जावे हे चांगले. दहा वाटांनी शंभर शंभर गेली तर दहापट जागा उजाड होते. वाटेत चिखल असला तर त्याला वळसा घालण्यापेक्षा सरळ चिखलातून जावे. बूट धुता येतात. वळणावळणाच्या वाटेवर मधूनच कापून खाली उतरणारे उत्साही वीर तर पाण्याला नवी पन्हळच करून देत असतात.

साडेतीन हजार किलोमीटरची वाट

हे सारे काम स्वयंसेवकांच्या हातांनी फार मोठ्या प्रमाणावर कुठे होत असेल, तर अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपलेशियन पर्वतरांगांत. तेथे जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेन राज्यातल्या कटाडिन शिखरापर्यंत चौदा राज्यांतून सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीची पायवाट आहे. तिच्यावर मोटार चालत नाही. झाडांच्या खोडांवर आणि खडकांवर पांढऱ्या रंगाचे उभे पट्टे मारलेले असतात, ते पाहत चालायचे.

कल्पना एका वनशास्त्रज्ञाची. बेंटन मकाय याने १९२१ च्या ऑक्टोबरात वास्तुशास्त्रज्ञांच्या एका मासिकात लेख लिहून ती मांडली. शहरात गिरण्या-कचेऱ्यांत राबणाऱ्या माणसांना डोंगरात मोकळा श्वास मिळावा आणि ती जागा त्यांनी स्वतःच्या श्रमाने उभी करावी, असे त्याचे म्हणणे होते. पहिला तुकडा १९२३ साली न्यूयॉर्क राज्यात खुला झाला. १९२५ मध्ये एक परिषद स्थापन झाली. परंतु लेख लिहिणे वेगळे आणि झुडपे तोडणे वेगळे. काम रेंगाळले.

त्याला गती दिली मायरन एव्हरी या वकिलाने. १९३१ पासून तो परिषदेचा अध्यक्ष होता. हा गृहस्थ सायकलचे चाक दांड्याला लावून ते ढकलत डोंगरातून फिरे आणि वाटेचे अंतर मोजून लिहून ठेवी. गावोगावी त्याने हौशी चालणाऱ्यांची मंडळे उभी केली आणि प्रत्येक मंडळाला वाटेचा एकेक तुकडा नेमून दिला. १४ ऑगस्ट १९३७ रोजी मेन राज्यातला शेवटचा तुकडा जोडला गेला.

नेमून देण्याची ती पद्धत आजही चालू आहे. सुमारे तीस मंडळांत ही वाट वाटलेली आहे. मंडळातला एखादा शिक्षक, एखादी परिचारिका, एखादा निवृत्त यंत्रज्ञ काही किलोमीटरांची जबाबदारी घेतो. वर्षातून दोन-चार वेळा तिथे जाऊन तो पडलेली झाडे बाजूला करतो, आडबांधांमागचा गाळ काढतो, वाढलेल्या फांद्या छाटतो, पुसट झालेले पट्टे रंगवतो. जुन्या सरळ चढणाऱ्या वाटा सोडून कुशीवरून नव्या वाटा काढणे हे तर कित्येक दशके चाललेले काम आहे. कोविडच्या साथीपूर्वीच्या वर्षांत असे श्रमदान वर्षाला दोन लाख तासांहून अधिक होत असे. भागाकार करून पाहा : एका किलोमीटर वाटेला वर्षाकाठी सुमारे ५७ तास! नुसती पायवाट राखायला एवढे श्रम लागतात, मग उरलेल्या डोंगराचे काय, याचा विचार तुम्हीच करा.

फावडे पुरत नाही तेव्हा

पाण्याला फावड्याने वळवता येते. रस्त्याला नाही. हे त्या स्वयंसेवकांना लवकरच कळून चुकले.

१९३० नंतरच्या मंदीच्या काळात सरकारने बेकारांना काम म्हणून डोंगरमाथ्यांवरून मोटारींचे देखणे रस्ते बांधायला घेतले. व्हर्जिनियात असा रस्ता नेमका पायवाटेच्या जागेवरून गेला. मकायने त्याला कडाडून विरोध केला. माथ्यावर मोटारी धावू लागल्या तर मग उरले काय, असा त्याचा सवाल होता. एव्हरी म्हणाला, रस्ता होणारच आहे, आपण वाट बाजूला सरकवू आणि ती अखंड ठेवू. १९३५ मध्ये दोघांचे कायमचे बिनसले. मकाय रानाच्या रक्षणासाठी निघालेल्या एका नव्या संस्थेच्या संस्थापकांत सामील झाला. मला विचाराल तर तत्त्व मकायचे बरोबर होते. पण एव्हरीच्या चिवटपणावाचून त्याची वाट मासिकाच्या पानांतच राहिली असती. सार्वजनिक कामात अशी दोन्ही माणसे लागतात आणि त्यांचे पटत नाही, हेही नेहमीचेच.

वाट पुरी झाली आणि पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, मोठ्या चक्रीवादळाने उत्तरेकडचा बराच भाग झाडांखाली गाडला. दक्षिणेत नव्या रस्त्याने ती तोडली. पुढे महायुद्ध आले, मंडळांतली तरुण माणसे लढाईवर गेली. वाट पुन्हा सलग झाली ती १९५१ साली.

खरा धोका मात्र जमिनीत होता. वाटेचा बराच भाग खाजगी जमिनीतून जात असे, तोही मालकाच्या तोंडी परवानगीवर. मालक बदलला, जमिनीचे तुकडे पडून घरे झाली की वाट उठून डांबरी सडकेवर यायची. तीस-तीस वर्षे राखलेला तुकडा एका खरेदीखताने जाई. मग कुदळी-फावडी चालवणाऱ्या या लोकांना दुसरी हत्यारे उचलावी लागली. त्यांनी नकाशे केले, कुठे कुणाची जमीन आहे त्याच्या याद्या केल्या, आपापल्या लोकप्रतिनिधींना पत्रे लिहिली. गेलॉर्ड नेल्सन या सेनेटरने १९६४ मध्ये विधेयक मांडले. २ ऑक्टोबर १९६८ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने राष्ट्रीय पायवाटांचा कायदा झाला आणि ॲपलेशियन वाटेला राष्ट्राचे संरक्षण मिळाले. मकाय तेव्हा एकोणनव्वद वर्षांचा होता. एव्हरी हे पाहायला राहिला नव्हता.

तरीही कायदा झाला म्हणजे जमीन मिळाली असे नाही. पहिल्या दहा वर्षांत फारच थोडी जमीन घेतली गेली. पुन्हा पाठपुरावा झाला, १९७८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन जमीन खरेदीसाठी मोठा निधी मंजूर झाला. आता वाटेच्या दोन्ही बाजूंना मिळून सरासरी तीनशे मीटर रुंदीचा पट्टा राखला जातो. १९८४ साली तर राष्ट्रीय उद्यान सेवेने वाटेची रोजची व्यवस्था करारानेच स्वयंसेवकांच्या परिषदेकडे सोपवली.

निसर्गाशी असा करार होत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन या चक्रीवादळाने वाटेच्या दक्षिण भागात हजारो झाडे पाडली, आणि नोलिचकी नदीवरचा ज्या पुलावरून वाट पलीकडे जात होती तो पूलही वाहून गेला. मंडळे करवती घेऊन पुन्हा कामाला लागली.

आपल्या टेकड्या

आपल्याकडे इतकी लांब वाट नाही. पण टेकड्या आहेत आणि त्यांच्यावर रोज चालणारी माणसेही आहेत. पुण्याचे उदाहरण घ्या. १९९७ साली शहराच्या हद्दीत २३ गावे आली. त्यांतल्या टेकड्यांवर बांधकाम होऊ न देता त्या जैववैविध्य उद्यानासाठी राखाव्यात, अशी मागणी नागरिकांनी आणि अभ्यासकांनी लावून धरली. बांधकामाला परवानगी द्यावी म्हणणारेही होते, आणि त्यांत ज्यांची जमीन अडकत होती असे साधे मालकही होते. त्यांना मोबदला काय द्यायचा हा प्रश्न सोपा नव्हता. वाद वर्षानुवर्षे चालला. अखेर २०१५ मध्ये सुमारे ९७८ हेक्टरांच्या आरक्षणाला राज्य सरकारने मान्यता दिली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडीवरून आणि तिच्या पोटातून रस्ते नेण्याच्या योजनेविरुद्ध नागरिकांनी मोर्चा काढला, त्यात रोज फिरायला येणारी वयस्क मंडळी आणि विद्यार्थीही होते.

मोर्च्याची बातमी येते. दुसऱ्या मार्गाची बहुधा येत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे शहराच्या विकास योजनेचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो आणि ठरावीक मुदतीत लोकांकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. हरकत घेणाऱ्यांचे म्हणणे समिती ऐकून घेते. एखाद्या मैदानाचे, बागेचे किंवा टेकडीचे आरक्षण बदलायचे असेल तरी अशीच सूचना काढावी लागते. या सूचना वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत येतात आणि मुदत निघून गेल्यावर मग आपण हळहळतो. हरकतीत ‘टेकडी वाचवा’ एवढेच लिहिले तर तिचे वजन कमी. कोणता सर्व्हे नंबर, कोणते आरक्षण, पाणी कुठे मुरते, माणसे किती येतात, हे लिहिले तर समितीला उत्तर द्यावे लागते. असे आकडे मिळवणे शाळेतल्या मुलांनाही जमण्यासारखे आहे.

मोजून पाहा

पत्र्याचा साधारण १० सेंटीमीटर व्यासाचा डबा घ्या. त्याची दोन्ही तोंडे मोठ्या माणसाकडून कापून घ्या. पत्र्याची कड धारदार असते. टेकडीवरच्या वाटेत तो तीन-चार सेंटीमीटर मातीत दाबून बसवा. आत अर्धा लिटर पाणी ओता आणि ते पूर्ण मुरायला किती मिनिटे लागली ते घड्याळावर पाहा. डब्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटीमीटर आहे, म्हणजे तुम्ही जवळजवळ साडेसहा सेंटीमीटर पाऊस पाडला. आता वाटेपासून तीन मीटर बाजूला, गवतात, हाच प्रयोग करा. प्रत्येक ठिकाणी तीन वेळा करून सरासरी काढा. मुरूम, काळी माती आणि जांभा यांची उत्तरे निरनिराळी येतील, म्हणून मातीचा प्रकारही लिहून ठेवा.

उतार मोजायला एक मीटर लांबीची सरळ काठी पुरते. तिचे एक टोक वाटेच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा. निम्मी भरलेली बाटली काठीवर आडवी ठेवून काठी समपातळीत आणा आणि दुसरे टोक जमिनीपासून किती सेंटीमीटर उंच आहे ते मोजा. जितके सेंटीमीटर, तितका शेकडा उतार. हीच काठी मग वाट सोडून डोंगराच्या सरळ उतारावर धरा. पहिला आकडा दुसऱ्याच्या निम्म्याहून जास्त आला तर ती जागा वहीत खूण करून ठेवा आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच जागी वाट किती खोल गेली आहे ते मोजा. खणायला मात्र लगेच धावू नका. जमीन वनखात्याची असेल तर त्यांची परवानगी लागते, आणि खात्याचा माणूस बरोबर आला तर पाणी कुठे काढायचे हेही तो दाखवील.